उगवणीला लावलेली काडतुसं

आमच्या घरी घरचं सोयाबीन पेरायचं असलं की आधी ते उगवणीला लावतात. माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणते, पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी हात घालून शंभर दाणे काढतात, ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि नंतर कोंब मोजतात. सत्तर निघाले की पोतं पेरायला मोकळं. अकोटला माझं बियाण्या-खतांचं दुकान आहे, तिथे मीही गिऱ्हाइकांना हेच सांगते. म्हणून मागच्या हरभऱ्याच्या हंगामात मामाजींनी जुनी काडतुसं अशीच तपासायची ठरवली तेव्हा घरात कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

बंदूक मामाजींची. दुनळी, बारा बोअरची, पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. परवान्यावर माझ्या धाकट्या दिराचंही नाव आहे. माझे यजमान अमरावतीला नोकरी करतात, त्यामुळे शेत हे भाऊजीच पाहतात. रानडुकरं मारायला वनखात्याची परवानगी लागते. आमचं काम हवेत बार काढून त्यांना पिटाळण्याचं. पण बरीच वर्षं फटाके आणि डबे वाजवून भागत होतं. त्या वर्षी डुकरं फटाक्यांना सरावली. फटाका फुटला की मान वर करायची आणि परत हरभरा उकरायला लागायची. भाऊजी रोज झुंजूमुंजू होताना मचाणावर बसायचे आणि चिडून घरी यायचे.

मामाजींनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. मिळेल तेव्हा घेऊन ठेवलेली काडतुसं होती ती, तीन खोक्यांत. मामाजी हात आखडून वापरणारे, त्यामुळे संपलीच नव्हती. पेटीत कडुनिंबाचा पाला घातलेला. दर उन्हाळ्यात कुरडया-पापडांबरोबर गच्चीवर चादरीच्या एका टोकाला काडतुसंही वाळत पडायची, भाऊजींच्या पोरींना त्या बाजूला जायची बंदी असायची. ओल लागली की माल खराब होतो आणि ऊन दाखवलं की टिकतो, एवढा साधा हिशेब. डाळीला लागू पडतो.

मी एकेक हातात घेऊन पाहिलं. काही चांगली दिसत होती. काहींच्या पितळी बुडाला हिरवा कळंक चढला होता, आणि कागदी नळकांडी तोंडाशी सैल पडली होती.

“मामाजी, ही किती जुनी आहेत?”

“तुई सोयरीकबी नोती झाली तवाची असतीन काही.”

“मंग वहिनीपेक्षा तेच जास्त भरवशाचे,” भाऊजी म्हणाले.

“तुमाले चहा कोण देते रोज, हे लक्षात ठेवा,” मी म्हटलं. घरी बोलताना माझीही भाषा तीच होते.

दुपारी आम्ही शेतामागच्या कोरड्या नाल्यात गेलो. समोर मातीचा उंच बांध, पलीकडे आमचंच पडीक. मामाजींनी तिन्ही खोक्यांतून दहा काडतुसं निवडली, वरची, मधली, तळाची. भाऊजी एकाच नळीतून एकेक उडवणार, मी मागे उभी राहून मोजणार.

पहिली चार नीट वाजली. प्रत्येक बाराला बांधावर धुळीचा फुगा उठायचा. पाचव्याला नुसता खटका पडला. भाऊजी बंदूक उघडायला लागले.

“हात नोको लावू बे,” मामाजी म्हणाले. “नळी बांधाकडेच धर. काही काही उशिरा उडते.”

थोडा वेळ आम्ही तसेच उभे राहिलो. काही झालं नाही. मामाजींनी ते काडतूस काढून बाजूला दगडावर ठेवलं. सहावं, सातवं पुन्हा खणखणीत.

आठव्याला आवाज झाला, पण ट्यूबमधून हवा सुटावी तसा. नळीच्या तोंडाशी थोडा धूर आला.

“हे तं शेळी शिंकल्यावानी झालं,” भाऊजी हसले. त्यांनी बंदूक उघडली, रिकामं नळकांडं काढून टाकलं आणि खिशातून नववं काढलं. “वहिनी, हे अर्धं धरा. साडेसहा झाले.”

मी बांधाकडे पाहत होते. धूळ उठली नव्हती.

“भाऊजी, थांबा. ते भरू नका.”

“काहून?”

“छर्रे कुठं गेले?”

“गेले असतीन तिकडंच कुठंतरी.”

“बांधावर गेले नाहीत. नळीतून आभाळ दिसते का पाहा.”

माझ्या दुकानात फवारणीच्या पंपाची दुरुस्तीही होते. पंपाचा आवाज बदलला आणि फवारा आला नाही, तर दाब वाढवायचा नसतो, आधी नोझल उघडून पाहायचं असतं. त्याहून जास्त शहाणपण माझ्याजवळ नव्हतं.

भाऊजींनी उघडी बंदूक उचलून मागच्या बाजूने पाहिलं. डाव्या नळीतून गोल उजेड दिसला. उजवी काळी होती. त्यांनी पुन्हा पाहिलं, मग मला दाखवलं, मग मामाजींना. दारू आणि छर्ऱ्यांच्या मधला बुच्चा नळीत मध्येच कुठेतरी अडकून बसला होता, त्याच्या पुढे छर्रे होते की नाही ते कळत नव्हतं. त्यावर नववं उडवलं असतं तर नळी फुटली असती, आणि ती त्यांच्या डाव्या हातात, तोंडापासून वीतभर अंतरावर होती.

भाऊजींनी नववं काडतूस खिशात न टाकता दगडावर ठेवलं. नंतर बराच वेळ ते तळहात पँटला पुसत राहिले.

दगडावरची काडतुसं उचलून घरी आल्यावर मात्र चर्चा सुरू झाली, कारण डुकरं काही थांबणार नव्हती.

“आठातले सहा चांगले वाजले,” मामाजी म्हणाले. “सत्तराच्या वर गेलं. सोयाबीन असतं तं पेरलं असतं.”

“मामाजी, जो दाणा उगवत नाही तो मातीत गुमान पडून राहते. शेजारच्या दाण्याले काही करत नाही. हे काडतूस त्याच्या मागून येणाऱ्या चांगल्या काडतुसालेच घातक करते.”

“मी दर बाराले नळीतून पाहून घेईन,” भाऊजी म्हणाले.

“आज दुपारी, उन्हात, बांध समोर असताना पायलं होतं का तुमी? पहाटे डुक्कर पळून राहिलं असलं तर पाहाल?”

भाऊजींच्या दोन्ही पोरी तिथेच जमिनीवर चित्रं रंगवत बसल्या होत्या. मी त्यांचं नाव काढलं नाही, गरजही नव्हती.

मामाजींना पटलं नव्हतं. ते म्हणाले, कळंक चढलेली वेगळी काढू, चकचकीत ठेवू. पण अडकलेलं आठवं चकचकीतच होतं, रिकामं नळकांडं माझ्याजवळ होतं. ते मी त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी परवाना घेतला, बंदूक कव्हरमध्ये घातली, आणि आम्ही तिघं गाडीने अकोल्याला परवानाधारक दुकानात गेलो. दुकानदाराने गज घालून बुच्चा बाहेर ठोकला. त्याबरोबर छर्रे टेबलावर घरंगळले. नळीला फुगवटा आलेला नाही हे त्याने बोट फिरवून पाहिलं. वाळवणाचं ऐकल्यावर तो हसला नाही. म्हणाला, पावसाळ्यात कागद फुगतो, मे महिन्यात आखडतो, तोंड सैल होतं, आणि गच्चीवरच्या उन्हात आतली दारू अन् ती पेटवणारी बुडातली टोपी दोन्ही बिघडतात. कोणतं बिघडलं ते बाहेरून मलाही सांगता येणार नाही. जुनी सगळी इथे जमा करा, विहिरीत किंवा चुलीत घालू नका.

“घालते कोण,” मामाजी म्हणाले. त्यांनी तिन्ही खोकी टेबलावर ठेवली. दुकानदाराने परवान्यावरच्या नोंदी पाहिल्या, काडतुसं मोजली, पुन्हा मोजली.

“काका, एक कमी आहे.”

“नाल्यात वाजोलं ना आमी.”

“ती धरून एक कमी आहे.”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मामाजींकडे पाहिलं. मामाजी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होते. मग त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक काडतूस काढलं. बूड राखेने घासून लखलखीत केलेलं होतं.

“अडीनडीले असावं म्हून ठेवलं होतं,” ते म्हणाले.

“बाबा, अडीनडीले उडवलं कोनं असतं?” भाऊजींनी विचारलं.

मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. काडतूस आडवं ठेवलं तर गडगडेल म्हणून त्यांनी ते बुडावर उभं केलं, आणि दुकानदाराने उचलेपर्यंत त्याच्याभोवती दोन्ही हातांचा आडोसा धरून बसले.