उकरलेली माती

मुख्य प्रवाह नावाची गोष्ट नेमकी कुठून वाहते, ते साठी जवळ आली तरी मला माहीत नव्हतं. मग सरकारनंच शोधून काढलं. ती या हिंदी मुलखातल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात, माझ्या स्वयंपाकघरातून वाहते.

माझा डब्यांचा व्यवसाय आहे. वरण, भात, पोळ्या, झुणका आणि बाजारात मिळेल ती भाजी. दुपारी निम्म्या पाऱ्यात माझे डबे फिरतात, दोन-चार कचेऱ्यांतही जातात. त्यातल्याच एका कचेरीतले, पुनर्वसनाचं काम पाहणारे साहेब एकदा घरी आले आणि बसल्याबरोबर माझ्या झुणक्याची तारीफ करू लागले. हा माणूस काहीतरी माझ्या गळ्यात मारायला आलाय, हे मी तेव्हाच ओळखलं.

शरण आलेली एक बाई होती. बस्तरच्या जंगलात बरीच वर्षं बंदूक घेऊन हिंडलेली, नक्षल्यांच्या दलात. आता शस्त्र टाकलं होतं, पुनर्वसन केंद्रात तिला स्वयंपाक शिकवला होता. दोन ठिकाणी कामाला ठेवली, दोन्हीकडच्यांनी परत पाठवली. गावी जाऊ शकत नव्हती, जंगलातल्यांच्या लेखी ती गद्दार होती आणि सापडली असती तर त्यांनी तिला सोडलं नसतं. माझ्याकडे टिकली तर तिला आणि केंद्रातच असलेल्या तिच्या नवऱ्याला बाहेर खोली घेऊन राहता येईल, साहेब म्हणाले. नाही टिकली तर पुन्हा केंद्राच्या भिंतीआड, कायमचं. चौथी जागा कोणी देणार नाही.

मी नुसतं पलंगाकडे बोट दाखवलं. पलंगावर माझा धाकटा भाऊ बसला होता आणि त्याच्या लुंगीखालून एकच पाय खाली आला होता.

भाऊ एका ठेकेदाराकडे रस्त्याच्या कामावर सुपरवायझर होता. बस्तरमध्येच. एका सकाळी कच्च्या रस्त्यात पुरलेल्या बॉम्बवरून त्यांची जीप गेली. ड्रायव्हर जागच्या जागी गेला. भावाचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला. तो शुद्धीवर होता. झाडीतून माणसं आली, त्यांनी जीपमधलं जे हवं ते काढून घेतलं आणि ती निघून गेली. कॅनव्हासचे बूट आपल्या तोंडाजवळून गेले, इतकंच तो सांगतो. चेहरा त्याला एकही दिसला नाही.

साहेब ओशाळून उठले. "माफ करना दीदी, मुझे मालूम नहीं था."

"भेज दीजिए," पलंगावरून भाऊ म्हणाला.

साहेब गेल्यावर मी त्याला फाडून खाल्लं. "तुले काही अक्कल हाय का? काहून हो म्हटलं?"

"तवा कोणीच दिसलं नव्हतं, ताई," तो म्हणाला. "एकदा दिसू दे मले."

ती आली, आमच्याकडेच राहायला. ठेंगणी, जाड मनगटांची, तिशी ओलांडलेली. पहिल्याच सकाळी तिनं माझ्यापुढे हात केला. त्यांच्यात म्हणे रोज सकाळी सगळे एकमेकांशी हात मिळवतात, बाई असो की पुरुष. माझा हात तिनं धरून हलवलासुद्धा. मग जाऊन भावाचा. मी तिच्यादेखत पदराला हात पुसला, तिला दिसावं म्हणूनच. तिचं ताटही मी वेगळं ठेवलं. जातीसाठी नाही, रागासाठी.

शरण आली त्या दिवशी तिला शाल मिळाली होती, फुलं मिळाली होती, मोठ्या माणसांबरोबर फोटो निघाला होता. माझ्या भावाला काय मिळालं? एक कृत्रिम पाय, जो कधी बसलाच नाही. तो कपाटावर पडलाय, नव्या कोऱ्या बुटासकट.

काम मात्र ती करायची. एवढं खोटं मी बोलणार नाही. पण कामानं राग जातो, हे साहेबांच्या खात्यात शिकवत असतील, आमच्या घरात नाही. ती पोळ्या लाटत असली की मी मुद्दाम समोर बसायचे.

"उस जीप पर तू थी क्या?"

"नहीं दीदी. हम दूसरे इलाके में थे."

"मग तिकडे कोणाचा पाय घेतला?"

मराठी तिला तोवर समजायला लागली होती. ती तव्यावरची पोळी उलटायची आणि गप्प राहायची. त्या गप्प राहण्यानं माझं डोकं आणखी फिरायचं. रडली असती, उलटून बोलली असती तर निदान भांडता आलं असतं.

भाऊ तिच्याशी बोलत नसे. फक्त बघायचा. ती ओट्याशी उभी, पाठ भिंतीला लावलेली, चार घासांत जेवण उरकणारी, आणि हा पलंगावरून बघतोय. मी म्हटलं, झालं का तुझं पाहून? तो म्हणाला, अजून नाही.

मग वस्तू जायला लागल्या. आधी मिठाचा पुडा. मग काडेपेट्या. तांदळाच्या पिंपात माझं माप ठरलेलं असतं, ते चुकायला लागलं. डाळीचंही तसंच. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी गेली, मागोमाग भावाच्या दुखण्यावरच्या गोळ्यांची. मग माझी जुनी चप्पल. आणि एक दिवस भावाची डावी चप्पल.

आता हे जरा सांगायला हवं. भाऊ चपलांचा जोड विकत घेतो, कारण एकच चप्पल कोणी विकत नाही. डावी झिजते, उजवी कोरीच राहते. आमच्या दाराशी कोऱ्या उजव्या चपलांची रास आहे. मी ती टाकत नाही आणि का टाकत नाही, ते मला विचारू नये. तांदळाची चोरी मी समजू शकत होते. एका पायाच्या माणसाची एकुलती चप्पल कोण चोरतं?

मी तिला दारात उभी करून विचारलं. "पता नहीं दीदी," ती म्हणाली, आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. धडधडीत खोटं. मी कोठीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि भावाला सांगितलं, "बस झालं. उद्या साहेबाले फोन करतो." साहेबांनीच सांगून ठेवलं होतं, काही वाटलं तर एक शब्द टाका, आम्ही घेऊन जाऊ. तो एक शब्द माझ्या जिभेवर तयार होता. भाऊ म्हणाला, "तुझी मर्जी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोडणीची तयारी करत होते. भाऊ कुबड्या घेऊन मागच्या बारीत कढीपत्ता तोडायला गेला. बारी म्हणजे आमचं परस. चार वांगी, मिरच्या, कढीपत्ता आणि एक मुनगा, म्हणजे शेवग्याचं झाड. बराच वेळ तो परत येईना. मी दारातून डोकावले.

तो मुनग्याजवळ उभा होता. एक कुबडी पुढे टेकलेली, आणि तो हलत नव्हता.

"ताई, तिथंच थांब," तो म्हणाला. आवाज इतका हळू की मला आधी कळलंच नाही. "माती उकरली हाय इथं. वरून पानं पसरली हायेत."

पाहिलं तर खरंच. मुनग्याच्या बुडाशी माती नवी, सैल, आणि वर वाळकी पानं अशी पसरलेली की सहज पडली असं वाटावं. पण भावाला ते सहज वाटणार नव्हतं. रस्त्यात पुरलेल्या गोष्टीनं त्याचा पाय नेला. तेव्हापासून तो उकरलेल्या मातीवर कुबडीसुद्धा टेकत नाही. आमच्या गल्लीत नळाच्या पाइपासाठी रस्ता खणला, तेव्हा काम संपून वर डांबर पडेपर्यंत हा माणूस उंबऱ्याबाहेर आला नव्हता. आणि आता त्याच्या कुबडीचं टोक त्या पानांच्या कडेवर होतं. कपाळावरून घाम गळत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

माझं रक्त एकदम डोक्यात चढलं. मी साहेबांना फोन लावला आणि काय काय ओरडले ते आता आठवत नाही. पुरलंय, इतकं नक्की म्हणाले. तुमच्या बाईनं माझ्या घरात पुरलंय. स्वयंपाकघरातून ती धावत आली, हात पिठानं भरलेले. मी तिचा दंड धरला, इतका घट्ट की माझीच बोटं दुखली. "एक पाऊल टाकलंस तर बघ!"

साहेब आले, बरोबर दोन पोलीस. कचेरी जवळच आहे म्हणून लवकर आले, नाहीतर भाऊ तिथेच कोसळला असता. भिंतीवरून शेजारच्या बायकांची डोकी दिसायला लागली होती. पोलिसांनी सगळ्यांना मागे हटायला सांगितलं. भावाला मात्र हलायचं नाही असं बजावलं, जसं काही तो हलणार होता.

तेव्हा ती बोलली. "साहब, बम नहीं है. अपना डंप है."

आणि कोणी अडवायच्या आत तिनं माझ्या हाताला हिसडा दिला, जाऊन भावाच्या पायाशी गुडघ्यांवर बसली आणि हातांनी माती काढायला लागली. साहेब ओरडले, पोलीस ओरडले, मीही ओरडले असेन. ती खणत राहिली. तेलाचा पत्र्याचा रिकामा डबा वर आला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला आणि दोरीनं करकचून बांधलेला. माझाच डबा.

एका पोलिसानं दोरी सोडली आणि एकेक वस्तू मातीवर मांडली. तांदूळ. डाळ. मिठाचा पुडा. मेणकागदात बांधलेल्या काडेपेट्या. माझ्या गोळ्या, भावाच्या गोळ्या. मग चपला. तिच्या दोन. माझ्या दोन. आणि एक डावी.

साहेबांनी तिला फैलावर घेतलं तेव्हा थोडं थोडं बाहेर आलं. जंगलात असं करावंच लागतं, ती म्हणाली. कधी उठून पळावं लागेल सांगता येत नाही. म्हणून दल जिथे राहतं, तिथे सगळ्यांपुरतं धान्य, दवा, मीठ पुरून ठेवायचं, तोच डंप. जागा कोणाला सांगायची नाही, विचारलं तरी नाही, तो नियमच असतो. इथे तीन माणसं राहतात, म्हणून तिनं तिघांपुरतं पुरलं.

"यहाँ से कौन भगाएगा तुमको?" साहेबांनी डोक्याला हात लावला.

ती माझ्याकडे बघायला लागली. मग खाली बघायला लागली.

मी खरं सांगते, मला तेव्हा दया आली नाही. राग आला. ही कोण आम्हाला आपल्या दलात धरणारी? आम्ही कोणाला विचारलं होतं? आणि पुरून पुरून कुठे पुरावं, तर या घरात, या माणसाच्या वाटेत. एवढी अक्कल नसावी बाईला? हे सगळं मी मोठ्यानं बोलले, शेजारणींना ऐकू जाईल असं.

"सही बात है," साहेब थकून म्हणाले. "लिखकर दे दीजिए दीदी, अभी साथ ले जाते हैं." एक पोलीस तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला. तिनं हात झटकले, पदर नीट केला. दोनदा परत गेलेली बाई, तिला उठून उभं कसं राहायचं ते माहीत होतं.

तेवढ्यात भाऊ बोलला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा थेट तिच्याशी.

"मैं तो भाग नहीं सकता. मेरी चप्पल काहे को रखी?"

"मैं उठाती," ती म्हणाली. "पीठ पर. घायल को छोड़ते नहीं."

"मुझे तो छोड़ा था."

मला वाटलं, आता ही म्हणेल की मी नव्हते, तो इलाका आमचा नव्हता. ती भावाकडे बघत होती, सरळ, पहिल्यांदाच.

"हाँ," ती म्हणाली. "छोड़ा था."

भावानं कुबडीवरचं वजन बदललं. मग मान हलवली, एखाद्याचा हिशेब बरोबर निघाला की हलवावी तशी. "दिसलं, ताई," तो मला म्हणाला. "झालं माझं पाहून. आता तुले वाटन ते कर."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. साहेब कागद काढून उभे. मी खाली वाकून माझ्या चपला उचलल्या. जुन्या, एकीचा अंगठा तुटलेला, मीच अडगळीत टाकलेल्या.

"ह्या काहून ठेवल्या?" मी तिच्यावर खेकसले. "अंगठा तुटला हाय, दिसत नाही? यात मी किती दूर पळणार?"

मग मी साहेबांना म्हटलं, कागद ठेवा खिशात, डब्यांची वेळ झाली आहे, माझी कणीक सुकून राहिली. पुन्हा खोटं बोलली तर मीच केंद्रात आणून सोडीन, तुम्ही यायची गरज नाही. आणि तिला म्हटलं, खड्डा बुजव. माझ्या घरात मातीत काही पुरायचं नाही. डबा आत, पलंगाखाली, सगळ्यांना माहीत असेल असा.

तिनं खड्डा बुजवला, पायानं दाबला. भाऊ अजून तिथेच होता. कढीपत्ता अजून तोडायचाच होता आणि तिकडची वाट त्या मातीवरूनच होती.

"पहले तू," तो म्हणाला.

ती चालून गेली आणि पलीकडे उभी राहिली. मग त्यानं कुबडी टेकली.

मी तिला माफ केलेलं नाही. तिचं ताट अजून वेगळंच आहे आणि सकाळी ती हात पुढे करते तेव्हा माझ्या हातात नेमकं काहीतरी असतं. पण त्याच संध्याकाळी मी पलंगाखालचा डबा ओढला, तुटक्या चपला काढून फेकल्या आणि त्यात माझ्या नव्या ठेवल्या.