पळसाखालचा जनरेटर

मी लाइनमन आहे. पवनीकडच्या आमच्या पुनर्वसनाच्या गावात मी घरोघरी मीटर लावले, फक्त एक घर राहिलं. ते घर म्हणजे एक जुनी व्हॅन आहे आणि तिच्यात काकाजी एकटे राहतात. त्यांचं गाव धरणात गेलं. सगळ्यांसारखा त्यांनाही इथं प्लॉट मिळाला, पण त्यावर घर न बांधता त्यांनी ही व्हॅन आणून उभी केली.

रोज दुपारी ते गॅसवर चालणारा छोटा जनरेटर पळसाखाली नेतात, दोरी ओढतात आणि व्हॅनच्या बॅटऱ्या चार्ज करतात. तो सुरू असेपर्यंत कोणाशी बोलत नाहीत. काही विचारलं की नुसता तळहात दाखवतात, थांब म्हणून. सरपंच आले तरी तळहातच. मला या हट्टाचा राग यायचा.

परवा मी वायरचं भेंडोळं घेऊनच गेलो. जनरेटरच्या आवाजात ओरडून म्हणालो, "काकाजी, गॅस कायले जाळता? आता तं आपल्याच धरणावर लाईट बनून राहिली. आज जोडूनच देतो."

त्यांनी तळहात दाखवला नाही. जनरेटरच बंद केला. बॅटऱ्या अजून अर्ध्याही भरल्या नव्हत्या.

"माही चूल त्या पान्याखाली हाये, बापू," ते म्हणाले. "त्याच पान्यावर पेटलेला दिवा मी माह्या घरात लावू?"

मी खाली ठेवलेलं भेंडोळं त्यांनी उचललं, माझ्या खांद्यावर नीट अडकवलं आणि पुन्हा दोरी ओढली. मी काही बोलायला गेलो, तर तळहात वर.