पाहुण्याला वाढलेले बोंबील

मुलांचा आहार तपासायला गेलेला माणूस मुलांच्याच वाटणीचं जेवून आला, तर त्याला तुम्ही काय म्हणाल? भुकेविरुद्ध पत्रकं वाटणारा मीच तो माणूस.

तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा मी चिंचणीत शाळकरी मुलांच्या आहाराची पाहणी करत होतो. पावसाळ्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. एका कोळिणीने मला आग्रहाने बसवलं आणि सुक्या बोंबलांचं कालवण वाढलं. वाढताना ती पळीने एकेक बोंबील माझ्या ताटात लोटत होती. जेवण झाल्यावर मी तिच्या मुलीच्या नावापुढे ‘मासळी रोज’ असं लिहिलं. अशी नोंद झालेल्या मुलांना शाळेत दुधाची भुकटी मिळणार नव्हती.

“काय लिवलंत, मास्तर?”

मी वाचून दाखवलं. ती हसली.

“ते तर तुमी खाल्लंत. माजे पोरीनं खाल्लं ते लिवा ना!”

मुलगी कोपऱ्यात कोरडी भाकरी चावत होती.

मी नोंद खोडली. पण आधीच्या कित्येक घरांत मी असाच जेवलो होतो, आणि ते कागद केव्हाच पालघरच्या कचेरीत गेले होते.

तुम्ही कधी अशा पाहणीला गेलात, तर त्या घरी जेवू नका. मुलाशेजारी बसा, त्याच्या ताटात काय पडतं ते बघा आणि तेवढंच लिहा.