दुसरं टोक

आमच्या जिन्यातल्या दोनटोक्यांना खरं नाव आहे, पण ते फक्त त्यांच्या दारावरच्या पाटीला माहीत. चाळीस वर्षं तारा जोडण्यात गेलेला माणूस. कुणी कसलीही तक्रार केली, की यांचं ठरलेलं, "दुसरं टोक बघितलंत का?" मग नळ गळो, नाहीतर कुणाची सून माहेरी जाऊन बसो. नाव पडायचं ते पडलंच.

कामाची पद्धतही तीच. भिंतीतून तार पलीकडे गेली, की या टोकाला दोन हलके हिसके द्यायचे आणि तिकडून दोन हिसके परत येईपर्यंत पुढच्या कामाला हात लावायचा नाही. ही खोड त्यांनी घरीही आणली. रस्त्याने चालताना वहिनी फार वेळ गप्प राहिल्या, की त्यांच्या बाहीला दोन हिसके. वहिनींनी यांच्या बाहीला दोन दिले, की संसार सुरळीत.

शेवटची नोकरी त्यांनी केली ती कोपऱ्यावरच्या संशोधनसंस्थेत. तिथल्या प्रमुख बाई वीस वर्षांनंतरचं इंटरनेट कसं बांधायचं, याच्या मागे होत्या. "आत्ताचं नेटवर्क पोस्टमनसारखं आहे," बाईंनी त्यांना समजावलं होतं. "पत्र हातात दिल्यावर निघणार, आणि वाटेत गर्दी लागली की अडकणार." बाईंचं नवं नेटवर्क आधी माणसांच्या सवयी शिकायचं. कोण, कुणाला, कधी, काय पाठवणार हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरती वाट राखून ठेवायचं. चाचणीसाठी फोन हवे होते. दोनटोक्यांनी आपला दिला, वहिनींचाही दिला.

दुपारी दीडला जेवायला घरी निघताना ते वहिनींना रोज एकच शब्द पाठवायचे. "आलोच."

एकदा ताट वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, "अहो, आलोच म्हणता आणि मग तिथेच कुणाशी गप्पा मारत बसता?"

"गप्पा कसल्या? दीडला पाठवलं आणि तसाच निघालो."

"एक सत्तावीसला आलंय."

दोघांनी फोन शेजारीशेजारी ठेवले. पाठवण्याच्या तीन मिनिटं आधी मेसेज पोचला होता. मागचे सहा दिवस तसंच.

बाई हे ऐकून खूशच झाल्या. "तुम्ही पाठवणारच होतात. ते तुमच्यासाठी थांबलं नाही, इतकंच."

"आणि मी नसता पाठवला तर?"

"अजून तसं कधी झालेलं नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची जराशी मागे घेतली.

वहिनींना मात्र सोय झाली. "तुमच्यापेक्षा ते बरं," त्या म्हणायच्या. "वेळेवर तरी बोलतं." एक सत्तावीस झाले की त्या जेवण गरम करायला घ्यायच्या.

एका सोमवारी दोनटोक्यांनी सहज म्हणून राखून ठेवलेल्या वाटांचा तक्ता पाहिला. पुढच्या दोन आठवड्यांचा होता. त्यांच्या ओळीत सोमवार होता, मंगळवार होता, बुधवार होता. गुरुवारपासून काही नव्हतं.

त्यांनी बाईंना बोलावून दाखवलं. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"का सोडली वाट?"

"नेटवर्क कारण आम्हालाही सांगत नाही," बाई म्हणाल्या. मग हळूच, "तुम्ही एकदा डॉक्टरांकडे जाऊन या."

डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहात. तरी दोनटोक्यांनी कागदपत्रांची पिशवी वहिनींना दाखवून ठेवली. कपाटाची किल्ली कुठे असते तेही सांगितलं. "कुठे पळून जायचा विचार आहे?" वहिनींनी विचारलं. "जाणार असाल तर तो जुना पंखाही घेऊन जा."

गुरुवारी ते यंत्रांच्या खोलीत, जिन्यापासून लांब, स्टुलावर बसून राहिले. ठसका लागून जायचो म्हणून पाणीसुद्धा प्यायले नाहीत. घड्याळात एक सत्तावीस झाले. कपाळावर घाम, पण जीव जागेवर. रिकाम्या हाताला चाळा म्हणून समोर लोंबणाऱ्या तारेला त्यांनी दोन हिसके दिले, सवयीने थांबले, आणि तसेच उठले.

वाट दोन टोकांची असते. चार दिवस ते आपलंच टोक तपासत बसले होते.

ते घरी पळत आले तेव्हा सगळ्या जिन्याने पाहिलं, पायात एकच चप्पल होती. वहिनी टेबलाशी मटार सोलत होत्या. "आज मेसेज नाही आला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बाहेरच जेवणार वाटतं." दोनटोके खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी वहिनींच्या बाहीला दोन हिसके दिले. दोन परत आले. तेव्हा कुठे त्यांनी पाणी मागितलं.

त्यानंतर ते कामावर गेले नाहीत. वहिनींना एकटं सोडायची हिंमतच राहिली नाही. भाजीला दोघं, बँकेत दोघं, कचरा टाकायलाही दोघं. "नवं लग्न झालंय," जिन्यातल्या बायका म्हणायच्या. मेसेज कुणी कुणाला करायचा? म्हणजे वाट सोडली होती ते बरोबरच होतं, हे दोनटोक्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना त्या रात्रीपासून झोप लागेना.

पाचव्या आठवड्यात बाई स्वतः जिना चढून आल्या. चहा नको म्हणाल्या.

"तक्त्यात तुमची वाट पुन्हा राखलेली दिसते. उद्या, एक सत्तावीस. पण उलटी. वहिनींकडून तुम्हाला. एकच शब्द."

"मी कुठे जातेय?" वहिनी म्हणाल्या. "हे न्हाणीघराच्या दारात पहारा देतात."

"बंद करा ते," दोनटोके म्हणाले.

"चाचणी महिन्यापूर्वीच बंद केली," बाई म्हणाल्या. "तक्ता येतोच आहे."

दुसऱ्या दिवशी दोघं टेबलाशी समोरासमोर बसले. फोन मध्ये. एक सत्तावीसला दोनटोक्यांचा फोन थरथरला. वहिनींच्या नावाने एक शब्द आला होता. "आलेच." वहिनींचे हात मांडीवर होते. दोनटोक्यांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

एक मिनिट गेलं, दोन गेली. स्वयंपाकघरातून दूध तापल्याचा वास आला.

"सोडा, दूध उतू जाईल."

"जाऊ दे."

"इतकी वर्षं मला कुणी धरून ठेवलं नव्हतं, ते आता सुचलं." वहिनींनी हात सोडवून घेतला, फोन उचलला आणि एक शब्द लिहून पाठवला. "घ्या. झालं त्याचं समाधान." दीड वाजला होता. त्या आत गेल्या.

गॅसचं बटण वाजलं. भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. दोनटोके खुर्चीतूनच आतल्या दाराकडे बघत राहिले.

वहिनी बाहेर आल्या. त्याच खुर्चीवर बसल्या.

"बघा. आले ना?"

आवाज तोच, हसणंही तेच. दोनटोक्यांनी जन्मभर केलं तेच आताही करायचं ठरवलं. त्यांनी वहिनींच्या बाहीकडे हात नेला. बोटं अजून वाटेतच होती.

त्यांच्या स्वतःच्या बाहीला दोन हलके हिसके आधीच बसले होते.