उजेडाच्या आधी बटण

आता काय सांगू तुम्हाला, अभिमान कशाचाही बाळगावा, पण डोळ्याच्या दवाखान्यात जाताना तो चपलेसोबत बाहेर काढून ठेवावा. मी ठेवला न्हाई. ऐका मग.

मी हदगावचा. कापसाची पारख करण्यात हयात गेली. गाडीवरचा माल लांबूनच बघून कसा हाय ते सांगतो, बाजारात या डोळ्याला मान हाय. चष्मा कधी लागला न्हाई, याचा मला किती गर्व, ते माझ्या बायकोला, कमलला विचारा. लगीन झाल्यापासून बिचारी हेच ऐकून राहिली.

तर पोराच्या लग्नाचा बस्ता बांधायला नांदेडला गेलो. सोबत देगलूरचे व्याही. साड्या बघता बघता त्यांना चिठ्ठीवरची किंमत वाचता येईना. नंबर वाढला वाटतं, म्हणाले. शेजारीच डोळ्याचा दवाखाना. कमल पण आली, मला एकट्याला ती कुठं सोडत न्हाई.

व्याह्यांचा नंबर निघाला. गप बसावं का न्हाई मी? म्हणलं, "मॅडम, माझे पण बघा. डोळे कसे असतात ते पाव्हण्यांना कळू द्या."

मॅडमनी बघितलं. परत बघितलं. "काका, तुमच्या डोळ्यांचा दाब वाढलाय."

"मला तर सगळं दिसून राहिलं की."

"दिसणारच, सुरुवातीला काही कळत नाही. दाब वाढला म्हणजे काचबिंदू झालाच असं नाही. पण वय झालेलं, बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ, आणि रक्ताच्या नात्यात कुणाला काचबिंदू, अशांना तो होण्याचा धोका जास्त. तुमचा पडदा पातळच आहे. घरात कुणाला होता?"

आता बघा पंचाईत. माझे वडील, अप्पा, काचबिंदूनंच आंधळे झाले. पण बाजूला व्याही बसलेले, बस्ता अर्धा बांधलेला. सोयरिकीच्या वेळी घरातलं दुखणं बोलायचं नसतं, हे आमच्याकडं लेकराला पण माहीत. छाती काढून म्हणलं, "आमच्या खानदानात? कुणालाच न्हाई."

कमल खोकली. मी तिच्याकडं बघितलंच न्हाई.

मग मशीनवर बसवलं. एक डोळा झाकायचा, हनुवटी टेकवायची, आत उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. व्याही बाकड्यावरून बघत होते. म्हणलं, आता दाखवतोच ह्यांना. पण मधीच वाटलं, एखादा ठिपका सुटला तर इज्जत जाईल. म्हणून चमकायच्या आधीच दाबायला लागलो. लई दाबलं. अंगठा दुखून आला.

मॅडमनी कागद बघितला. "काका, मशीननं जे ठिपके दाखवलेच नाहीत, ते पण तुम्हाला दिसले."

व्याही तोंडाला उपरणं लावून हसून राहिले.

"यावरून मला काही सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "घरात कुणाला नाही म्हणता, तर सध्या औषध नको. काही महिन्यांनी या."

मी सुटलो म्हणून उठलो. कमल उठली न्हाई.

"मॅडम, हे खोटं बोलून राहिले. मामंजींना काचबिंदू होता. शेवटी त्यांच्या ताटात भाजी कुठं न् भाकर कुठं, हे मी हात धरून दाखवायचे. ह्यांचा हात तसा धरायचा न्हाई मला." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

माझी मान खाली. तिच्यासाठी वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, सोयरीक गेली म्हणून भीती पण वाटली.

व्याही म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या पुतणीच्या लग्नात अप्पांना हात धरून पंगतीला मीच बसवलं होतं. मला माहीत न्हाई व्हय? पोरगी दिली ती पोराकडं बघून. औषध घ्या न् चला, बस्ता राहिलाय."

त्याच दिवशी थेंब सुरू झाले. पुढं भावांना आणि पोराला पण तपासून आणलं. मशीनवर परत बसलो तेव्हा दिसलं तेवढंच दाबलं. डोळ्याची नस शाबूत हाय म्हणल्या मॅडम. कमलनं दवाखान्यातच हात जोडले.

गर्व गेला का, विचारता? परवा बाजारात एक जण सांगून राहिला, त्याच्या पण डोळ्यांचा दाब वाढला म्हणून. मी विचारलं, "पडदा कसा हाय?"

"जाड हाय म्हणले."

"मग त्यात काय," मी छाती काढून म्हणलं, "आमच्या खानदानात सगळ्यांचा पातळ."