‘जातो’ म्हणायचं नाय

“बाजी, तुमच्या शागिर्दानं माझे मेहमान हॉटेलात वाळत घातले,” सलीमभाई चपला काढता काढताच मला म्हणाले. बाजी म्हणजे ताई, ते मला तसंच हाक मारतात. मागं त्यांचा ड्रायव्हर रावसाहेब उभा. मान खाली, गाडीची किल्ली मुठीत.

सलीमभाईंच्या टुरिस्ट गाड्या. परदेशी पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवून आणायचं, हा त्यांचा धंदा. त्यांच्या ड्रायव्हरांना कामापुरतं इंग्रजी बोलायला शिकवायचं, हा माझा. मी काही एमए-बीएड नाही. रेडिओ ऐकत, डब्यांवरच्या सूचना वाचत शिकले. त्यामुळं माणूस कुठं घसरतो ते मला बरोबर माहीत, मीही तिथंच पडलेली.

झालं होतं असं. रावसाहेबानं एका म्हाताऱ्या जोडप्याला वेरूळ दाखवून संध्याकाळी हॉटेलवर सोडलं. “ओके मॅडम, आय ॲम कमिंग,” म्हणाला आणि निघाला तो थेट करमाडला, आपल्या घरी. इकडं मॅडम आणि साहेब टोप्या घालून लॉबीत बसले. ड्रायव्हर येतो म्हणाला, म्हणजे अजून कुठंतरी न्यायचं असणार. बसले, बसले, तोवर हॉटेलचं किचन बंद झालं. शेवटी खोलीत जाऊन बिस्किटं खाल्ली आणि सकाळी उठून सलीमभाईंना फोन.

मला हसू आलं. सलीमभाईंना नाही. आज पाहुणे आराम करणार होते, उद्या त्यांना अजिंठा होता. पुन्हा तक्रार आली तर रावसाहेब टुरिस्ट गाडीवरून खाली आणि कंपनीच्या नाइट शिफ्टच्या बसवर, असं त्यांनी त्याच्यासमोरच सांगितलं. रावसाहेबाचं तोंड एवढंसं झालं. ती बस त्यानं आधी चालवलेली. पोरी शाळेतून यायच्या तेव्हा हा झोपलेला, पोरी झोपायच्या तेव्हा हा निघालेला. त्यातून सुटायचं म्हणून तर तो माझ्याकडं इंग्रजी शिकायला आला होता.

“सोपं आहे,” मी म्हटलं. “निघताना म्हणायचं, आय ॲम गोइंग. म्हण बघू.”

“नाय मॅडम.”

“का रे?”

“जातो म्हणायचं नाय. घरातून निघताना कुणी जातो म्हणतं का? अन् मी तर दिवसभर रोडवर असतो.”

मी सलीमभाईंकडं पाहिलं. वाटलं, मालक आहेत, दटावतील. ते दाढी खाजवत म्हणाले, “बात तो सही है बाजी. हमारे में भी ‘जाके आतौं’ बोलकेच निकलते.”

झालं. आत्ता गाडीवरून काढायला निघालेला मालक आणि त्याचा नोकर एका बाजूला, मी आणि इंग्रजी व्याकरण दुसऱ्या बाजूला.

मग मी नुसतं ‘बाय’ म्हण म्हटलं. ते त्याला त्याहून अवघड. आमच्याकडं बाय म्हणजे बाई. शिवाय टाटा-बाय लेकरांना करायला लावतात. आपण बाप्या माणसानं परक्या बाईला हात हलवून बाय बाय करावं, हे बरं दिसतं का, असं त्यानं मलाच विचारलं. सलीमभाईंनी रुमालात तोंड घातलं.

अशा वेळी शिकवणाऱ्यानं हट्ट करायचा नसतो. ज्या शब्दाची जिभेला धास्ती, तो ऐन वेळी बाहेर येतच नाही. वळसा घालावा. आमच्या कामात ‘चंक’ म्हणून एक गोष्ट आहे. म्हणजे वाक्याचा अख्खा तुकडा. तो फोडायचा नाही, त्याचं मराठी करायचं नाही, प्रसंगासकट तोंडात बसवायचा. मी रावसाहेबाला तुकडा दिला, “सी यू टुमॉरो, एट ओ’क्लॉक.” उद्या भेटू, आठ वाजता. त्यानं तो मनात उलटून-पालटून बघितला. भेटणं होतं, जाणं नव्हतं. चालतंय म्हणाला.

मग रोल-प्ले, म्हणजे सरळ नाटक. मी मॅडम झाले, सलीमभाई साहेब. गाडी दारातच होती, तिच्यात आम्ही मागं बसलो. रावसाहेबानं उतरून दार उघडायचं, आम्हाला उतरवायचं, दार लावायचं, किल्ली खिशात टाकायची. किल्ली आत गेली की वाक्य बाहेर. टेबलाशी बसून पाठ केलेलं वाक्य टेबलाशीच राहतं, म्हणून ही सगळी कवायत. शेवटी “ओके?” विचारून पाहुण्याच्या तोंडून वेळ वदवून घ्यायची. सलीमभाई तर साहेबाच्या कामात इतके रंगले की “नो नो, टेन ओ’क्लॉक” म्हणून अडूनच बसले. रावसाहेब गडबडला नाही. “अजंठा व्हेरी फार, सर. एट ओ’क्लॉक.” हे मी शिकवलेलं नव्हतं, पण मार्क दिले.

अजिंठा सुरळीत झाला. संध्याकाळी हॉटेलवर त्यानं वेळ बदलून तेच वाक्य टाकलं, पाहुणे वेळेवर जेवून झोपले. राहिला एअरपोर्ट. तिथं सलीमभाई जातीनं गेले होते, पुढचं त्यांनीच मला सांगितलं.

बॅगा उतरल्या. दार लागलं. किल्ली खिशात गेली आणि “सी यू…” एवढं बाहेर आलं. रावसाहेब तिथंच थांबला. उद्या तर ही माणसं दिल्लीत. मॅडम ट्रॉली धरून त्याच्याकडं बघतायत. सलीमभाईंनी डोळे मिटून घेतले. आता हा कमिंग म्हणणार आणि हे दोघं विमान सोडून फाटकात बसणार.

रावसाहेबानं हात जोडले. “मॅडम, सर, यू कम अगेन.”

म्हातारीनं त्याचे जोडलेले हात तसेच आपल्या हातात धरले. साहेबांनी सलीमभाईंना सांगितलं, थंडीत आमचे मित्र येणार आहेत, त्यांना हाच ड्रायव्हर द्या.

“राहतोय तो गाडीवर,” सलीमभाई मला म्हणाले. “लेकिन बाजी, हा शेवटचा डायलॉग नाटकात दाखवला नाहीत तुम्ही.”

दाखवणार कुठून? मी शिकवलाच नव्हता. रावसाहेब वर्गाला आला तेव्हा विचारलं, कुठून काढलास?

“त्यात काय मॅडम. पाव्हणं निघालं की दारात आपण काय म्हणतो? ‘या परत’. तेच म्हणलो.”

म्हणजे मराठीवरून शब्दाला शब्द लावला. जे करू नका म्हणून मी घसा कोरडा करते, नेमकं तेच, आणि तेही बिनचूक. तेव्हापासून मी ड्रायव्हरांना ‘मराठी विसरा’ असं सरसकट सांगत नाही. आपण निघताना विसरायची, दुसऱ्याला निरोप देताना आठवायची, एवढंच सांगते.