नव्या गाडीवर माझी जागा

बायांनो, आज लई दमले, तरी लिहिते.

आमच्या मालकांनी लांब फिरायची मोठी मोटरसायकल घेतली. म्हणले, "आता दोघं फिरू." आठवड्यातच तिला पुढं उंच काच, जादा लाइट आन् दोन्ही बाजूंनी लोखंडी पेट्या लावल्या. पेट्या बसाव्यात म्हणून साडीगार्ड काढून टाकलं.

आज हर्सूलहून पैठणला निघालो. मी साडी नेसून एका बाजूनं बसणारी. पाय ठेवायला गेले तर तिथं पेटी. पाय पेटीवरून लोंबकळत ठेवले, दोन स्पीडब्रेकरला पडता पडता राहिले.

मालक म्हणतात, "ड्रेस घालत जा. दोन्हीकडं पाय टाकून बस."

म्हणलं, "गाडी तुम्ही बदलली आन् आता मीच बदलू व्हय?"

मी गाडी थांबवायला लावून उतरले आन् एसटीनं पैठणला गेले. ते मागच्या रिकाम्या शिटासह पैठणच्या धरणावर आले आन् पहिलं काय बोलले? "गाडी लई मस्त पळती." भांडायचीबी ताकद नव्हती मला.

घरी येऊन सांगून टाकलं, डावीकडची पेटी काढा, साडीगार्ड लावा, नायतर एकटे फिरा. तवापासून ते नुसते गाडी पुसत बसलेत.

मी जास्त मागितलं का?